विद्यापीठाचे ईमेल खाते: पत्ता, पेटी आणि खिडकी

विद्यापीठाच्या वेबमेलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली गोष्ट पत्ता. तो विद्यापीठाच्या नावावर नोंदलेल्या डोमेनवर असतो. दुसरी गोष्ट पेटी, म्हणजे सर्व्हरवरची ती जागा जिथे आलेली आणि पाठवलेली पत्रे साठतात. तिसरी गोष्ट ब्राउझरमध्ये उघडणारे पान, म्हणजे पेटीत डोकावण्याची खिडकी. रोजच्या वापरात फक्त खिडकी दिसते, म्हणून पेटी आपल्या मोबाइलमध्येच आहे आणि ती आपल्या मालकीची आहे, असे अनेकांना वाटते. पण विद्यापीठाच्या खात्यात पत्ता संस्थेचा असतो, पेटी संस्थेची असते आणि वापरणाऱ्याला मुदतीपुरती किल्ली मिळते. पासवर्डपासून पदवीनंतर खाते बंद होण्यापर्यंतचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

भारतात ईमेलचा प्रवेशच मुळी शिक्षणसंस्थांतून झाला. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईतली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था या त्यातल्या आरंभीच्या संस्था. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून डायल-अप पद्धतीने संदेश जाऊ लागले. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ला आली, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचे आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे त्या काळातले पत्ते ‘अर्नेट डॉट इन’वर संपत. जुन्या शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर ते आजही छापलेले सापडतात.

तेव्हाचा ईमेल काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून वाचावा लागे. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केले आणि ब्राउझर असलेल्या कोणत्याही संगणकावरून पत्र वाचता येऊ लागले. पुढे विद्यापीठांनी आपल्या सर्व्हरवर स्क्विरलमेल, हॉर्ड, राउंडक्यूब यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर बसवून स्वतःचे वेबमेल चालवले. पेट्या लहान होत्या आणि संगणक केंद्राचा निम्मा वेळ ‘पेटी भरली’ या तक्रारी निस्तरण्यात जाई. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले, तेव्हा त्याने एकदम १ जीबी जागा देऊ केली. २००६ नंतर गूगलने आणि मायक्रोसॉफ्टनेही हीच सेवा शिक्षणसंस्थांच्या डोमेनवर द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आज अनेक विद्यापीठांत पत्ता संस्थेचा असतो, पण पेटी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि खिडकी दिसते जीमेल किंवा आउटलुकसारखी. मात्र दिसायला जीमेल असले तरी ते वैयक्तिक जीमेल नसते. साध्या जीमेल पत्त्यात नावामधला टिंब घातला किंवा गाळला तरी पत्र पोचते. संस्थेच्या खात्यात मात्र टिंब हा पत्त्याचा भाग असतो आणि तो चुकला की पत्र परत येते.

पत्ता वाचायची दिशा उजवीकडून डावीकडे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डोमेन ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ आहे. शेवटचे ‘इन’ म्हणजे भारत. त्याआधीचे ‘एसी’ म्हणजे शिक्षणसंस्था आणि त्याच्याही आधी संस्थेचे नाव. त्यालाही डावीकडून काही जोडलेले असेल तर तो संस्थेचाच विभाग किंवा उपसेवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘एमपीकेव्ही डॉट एसी डॉट इन’ही असेच वाचावे. ‘एसी डॉट इन’चे पत्ते हवे त्याला विकत मिळत नाहीत. अर्ज करणाऱ्या संस्थेची कागदपत्रे तपासून अर्नेट इंडिया ते देते. विद्यापीठाच्या पत्त्याला जे वजन आहे ते यामुळेच.

गोदाकाठच्या पुणतांब्यासारख्या गावात या व्यवस्थेची दोन टोके दिसतात. अहिल्यानगर जिल्हा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. राहाता तालुक्यातल्या या गावची मुले कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी, शिर्डी इथल्या महाविद्यालयांत जातात. कृषी शाखेची वाट धरणाऱ्यांसाठी राहुरीचे विद्यापीठ पुणतांब्यावरून जाणाऱ्या दौंड–मनमाड लोहमार्गावरच आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात किंवा संशोधनासाठी प्रवेश घेतलेल्याला संस्थेचे खाते मिळण्याची शक्यता जास्त. संलग्न महाविद्यालयात मात्र कुठे महाविद्यालय स्वतःच्या डोमेनवर खाते देते, तर कुठे विद्यार्थ्याने प्रवेशअर्जात लिहिलेला वैयक्तिक पत्ताच विद्यापीठाच्या विद्यार्थी-प्रणालीत नोंदला जातो. परीक्षा अर्ज, पासवर्ड बदलण्याची लिंक, फेरतपासणीची सूचना हे सगळे मग त्याच नोंदलेल्या पत्त्यावर जाते.

नेमकी इथेच गोची होते. गावात अर्ज भरला जातो तो महा ई-सेवा केंद्रात किंवा नेटकॅफेत. रांग मोठी असते आणि विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नसतो. केंद्रचालक कामाच्या घाईत स्वतःचा ईमेल आणि कधी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून अर्ज पुढे ढकलतो. त्या दिवशी काम होते. पुढच्या सत्रात ओटीपी मात्र केंद्रचालकाच्या फोनवर वाजतो आणि तोवर त्याने दुकान बदललेले असते. यात वाईट हेतू क्वचितच असतो, पण परिणाम एकच. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते. म्हणून कुठलाही अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते असणे आणि खाते परत मिळवण्यासाठी त्यात स्वतःचा किंवा घरातला नंबर नोंदवणे ही पहिली पायरी. अर्जातला पत्ता चुकीचा गेला असेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयात कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, देऊन तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. हे काम परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी झालेले बरे.

संस्थेचे खाते मिळते तेव्हा सोबत तात्पुरता पासवर्ड येतो. तो बहुधा एखाद्या ठरीव साच्यातला असतो, म्हणून वर्गातल्या कोणालाही ओळखता येतो. पहिल्या प्रवेशालाच तो बदलायचा. नवा पासवर्ड लांब हवा. जन्मतारीख, गावाचे नाव आणि शेवटी १२३ हा आपल्याकडचा आवडता प्रकार ओळखायला सर्वांत सोपा. त्यानंतर द्विस्तरीय पडताळणी सुरू केली की पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी फोनवरच्या दुसऱ्या खुणेशिवाय खाते उघडत नाही.

‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर काय घडते ते कळले की निम्म्या शंका मिटतात. खिडकीतला मजकूर आधी विद्यापीठाच्या मेल सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर पत्त्यातल्या @ चिन्हानंतरचा भाग पाहतो. हे चिन्ह माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये घालण्याची कल्पना १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने आणली. मग सर्व्हर इंटरनेटच्या नावनोंदवहीत शोधतो, की या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर घेतो. त्या सर्व्हरशी बोलणे होते ते एसएमटीपी या नियमावलीने, जिची मूळ मांडणी १९८२ची आहे. समोरचा सर्व्हर पाठवणाऱ्याची शहानिशा करतो, पत्र स्वीकारतो आणि त्या माणसाच्या पेटीत ठेवतो. तो माणूस मग आपल्या खिडकीतून ते वाचतो. पुणतांब्याहून श्रीरामपूरच्या प्राध्यापकाला लिहिलेले पत्र परदेशातल्या एखाद्या सर्व्हरला वळसा घालून गेले तरी त्याला काही क्षणच लागतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘पाठवलेले’ या कप्प्यात पत्र दिसते याचा अर्थ ते आपल्या बाजूने सुटले, एवढाच. समोरच्याने ते वाचले की नाही हे व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणांसारखे इथे आपोआप कळत नाही. पाठवलेले परत घेण्याची सोयही खरी नव्हे. जीमेलमधले ‘अनडू’ पत्र परत आणत नाही. ते पत्र जास्तीत जास्त ३० सेकंद रोखून धरते आणि तेवढ्यात विचार बदलला तर सोडत नाही.

पत्र पोचले नाही तर उलट टपाली एक इंग्रजी संदेश येतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘मेलर-डीमन’ असे भीतिदायक नाव असते, म्हणून बरेच जण तो न वाचताच पुसून टाकतात. खरे तर त्यातला तीन अंकी आकडा तेवढा पाहावा. ४ ने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण सांगतो. सर्व्हर व्यस्त आहे किंवा थोड्या वेळाने पुन्हा पाहू, असा त्याचा अर्थ. पाठवणारा सर्व्हर काही दिवस स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होणारा आकडा कायमचा नकार असतो. त्यातला ५५० बहुतेक वेळा असा पत्ताच नसल्याचे सांगतो. मराठी आडनावांच्या रोमन स्पेलिंगमुळे हा प्रकार आपल्याकडे फार होतो. जाधवच्या शेवटी व्ही की डब्ल्यू, चौधरीत ए-यू की ओ-यू, हे ऐकून लिहिले की चुकतेच. पत्ता नेहमी संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा आलेल्या पत्रातून उचलावा. शक्य असेल तिथे अधिकाऱ्याच्या नावाऐवजी पदाच्या पत्त्यावर लिहावे. परीक्षा विभागातला माणूस बदलतो, विभागाचा पत्ता राहतो.

पत्र कसे लिहावे, याबाबतीत पुणतांब्याची परंपरा मजेदार आहे. गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. वयाने लहान पण ज्ञानाने थोर असलेल्या ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोराच कागद पाठवला, अशी आख्यायिका आहे. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ मिळाली. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून एवढी अपेक्षा ठेवता येत नाही. विषय नाही, मायना नाही, खाली नाव नाही आणि फक्त एक फोटो जोडलेला, असे पत्र तिथे शेकडो पत्रांत हरवते. विषयाच्या ओळीतच काम, वर्ग आणि पीआरएन असावा. उदाहरणार्थ, ‘गुणपत्रिकेतील नावाची दुरुस्ती: द्वितीय वर्ष कला’ आणि पुढे क्रमांक. मायन्याचा प्रश्न सोपा आहे. ‘आदरणीय सर’, ‘आदरणीय मॅडम’ किंवा कार्यालयाला लिहिताना ‘माननीय परीक्षा नियंत्रक’ पुरते. त्याखाली दोन-तीन वाक्यांत मागणी, मग पूर्ण नाव, महाविद्यालय आणि मोबाइल नंबर. त्याच प्रकरणाचा पाठपुरावा करताना नवे पत्र न लिहिता जुन्या पत्रालाच उत्तर द्यावे, म्हणजे आधीचा सगळा मजकूर खाली राहतो आणि वाचणाऱ्याला प्रकरण पहिल्यापासून समजून घ्यावे लागत नाही.

पत्त्यांच्या तीन रकान्यांपैकी पहिल्यात ज्याने काम करायचे तो, ‘सीसी’त ज्याला नुसते कळवायचे तो. ‘बीसीसी’तले पत्ते इतरांना दिसत नाहीत. एखाद्या वर्गशिक्षकाने शंभर विद्यार्थ्यांना एकाच वेळी सूचना पाठवली तर ते शंभर पत्ते बीसीसीत हवेत. नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे जातो आणि मग एकाने ‘रिप्लाय ऑल’ करून लिहिलेले ‘धन्यवाद सर’ शंभर पेट्यांत जाऊन पडते.

जोडपत्रांचे गणित थोडे फसवे आहे. ईमेलची मूळ रचना साध्या अक्षरांसाठी होती. १९९२ मध्ये माइम ही पद्धत ठरली आणि चित्रे, दस्तऐवज पत्रासोबत पाठवता येऊ लागले. पण त्यासाठी फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलून लिहावे लागतात, म्हणजे फाइल प्रवासात सुमारे एकतृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर २२ एमबीची फाइल अडकते ती यामुळे. मोबाइलने काढलेले दाखल्याचे फोटो एकेक पाच एमबीचे असतात. ते स्कॅनर अ‍ॅपने एका पीडीएफमध्ये आणले की सगळा संच एक-दोन एमबीत बसतो. फाइलला ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असे नाव ठेवण्याऐवजी आडनाव, क्रमांक आणि कागदाचा प्रकार लिहावा. उघडणाऱ्याचे तेवढेच श्रम वाचतात आणि काम लवकर होण्याची शक्यता वाढते. प्रबंधासारखी मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवायची असेल, तर समोरच्याला पाहण्याची परवानगी दिली आहे ना, हे आधी तपासावे. ‘परवानगी मागा’ असे पान समोर आले की बहुतेक कार्यालयीन माणसे तिथेच थांबतात.

मराठीत ईमेल लिहिणे आता निर्धोक आहे. पूर्वी ते तसे नव्हते. श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम अशा प्रणालींत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्याच जागा वापरत असे. समोरच्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला की अर्जाच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो क्रमांक पाठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि जगात कुठेही तेच चिन्ह म्हणून उघडते. अडचण उरते ती जोडलेल्या वर्ड फाइलची. छपाईच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला अर्ज तसाच जोडला तर विद्यापीठात तो वाचता येईलच असे नाही. तो पीडीएफ करून पाठवला की अक्षरे फाइलमध्येच बांधली जातात.

ईमेलने केलेला अर्ज मुदतीत गेला की नाही, याबाबतीत कायदा स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम १३नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर, संदेश पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणकात शिरला की तो पाठवला गेला असे मानतात. घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या संगणकात तो शिरला की तो मिळाला असे मानतात. समोरच्याने तो कधी उघडला याचा इथे प्रश्न येत नाही. त्याच कलमानुसार सर्व्हर कुठेही असला तरी व्यवसाय नसलेल्या माणसाने पाठवलेला संदेश त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाहून निघाला असे धरले जाते. पुणतांब्यातल्या विद्यार्थ्याचा अर्ज कायद्याच्या नजरेत पुणतांब्याहूनच निघतो. अर्थात शेवटच्या पाच मिनिटांत वीज गेली किंवा रेंज गेली, तर कलम १३ कामाला येत नाही. दुसरा कायदा माहिती अधिकाराचा. २००५च्या या कायद्याने ‘माहिती’ची जी व्याख्या केली आहे, तीत ईमेलचा नावानिशी उल्लेख आहे. सार्वजनिक विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने कार्यालयीन खात्यातून लिहिलेले पत्र ही त्यामुळे फक्त दोघांमधली गोष्ट राहत नाही. घरगुती व्यवहार, नोकरीचे अर्ज, बँकेची विवरणे या खात्यात न आणणे सोयीचे, कारण खात्याची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाला ते थांबवण्याचे आणि नियमांनुसार तपासण्याचे अधिकार असतात.

फसवणुकीची पत्रे विद्यापीठाच्या पेटीतही येतात आणि तिथे ती जास्त खपतात, कारण वाचणारा बेसावध असतो. ‘तुमची पेटी भरली आहे, २४ तासांत पासवर्ड नोंदवा’, ‘शिष्यवृत्ती मंजूर, खाते क्रमांक कळवा’, प्राचार्यांच्या नावाने ‘मी बैठकीत आहे, तातडीचे काम आहे’ हे नेहमीचे साचे. पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव कोणालाही हवे ते ठेवता येते, म्हणून नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडून पाहावा आणि वर सांगितल्याप्रमाणे उजवीकडून वाचावा. ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ हे शब्द आले पण त्यांच्याही पुढे आणखी काही आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर ते विद्यापीठ नव्हे. सर्व्हरही एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांनी खोटे पाठवणारे ओळखायचा प्रयत्न करतात. मात्र खऱ्याच विद्यार्थ्याचे खाते चोरून त्यातून पाठवलेले पत्र या तिन्ही चाळण्यांतून सहज सुटते. त्यामुळे ओळखीच्या पत्त्यावरून आलेली विचित्र मागणी फोन करून पडताळावी. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे.

सामायिक संगणकावर, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सेवा केंद्रात, नुसती चौकट बंद करणे पुरत नाही. प्रवेशाची खूण कुकीच्या रूपात ब्राउझरमध्ये राहते आणि पुढच्या माणसाला पेटी उघडी मिळते. ‘लॉगआउट’ करायचे, ब्राउझरने विचारले तरी पासवर्ड साठवू द्यायचा नाही आणि शक्य असेल तर इन्कॉग्निटो चौकट वापरायची. लॉगआउट करायचे राहून गेलेच, तर स्वतःच्या फोनवरून खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन त्या यंत्रावरचा प्रवेश तोडता येतो. डाउनलोड केलेले दाखले मात्र त्या संगणकाच्या फोल्डरमध्येच राहतात. ते हाताने पुसावे लागतात.

संस्थेच्या पत्त्याचा उपयोग पत्रांपुरता नाही. विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून अनेक सॉफ्टवेअर कंपन्या तो स्वीकारतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि नियतकालिके मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजनाही इन्फ्लिबनेटच राबवते. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. आवाराबाहेरून, म्हणजे घरी बसून, ती वाचायची तर ओळख पटवावी लागते आणि तिथे संस्थेचे खाते कामाला येते.

खात्याची मुदत संपते तेव्हाची तयारी आधीपासून हवी. पूर्वी शैक्षणिक खात्यांना गूगलची जागा अमर्याद होती. जुलै २०२२पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी हा मूळ साठा ठरला, आणि तेव्हापासून जागा वाचवण्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांची खाती आवरती घेण्याकडे संस्थांचा कल वाढला. खाते बंद झाले की पत्रांसोबत त्याला जोडलेले ड्राइव्हवरचे दस्तऐवजही जातात. त्याच पत्त्यावर नोंदवलेल्या इतर सेवांचे पासवर्डही मग बदलता येत नाहीत. शेवटच्या सत्रात गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने सगळी पत्रे एका फाइलमध्ये उतरवून घ्यावीत, शोधनिबंधावर आणि नोकरीच्या अर्जांवर कायमचा वैयक्तिक पत्ता द्यावा, आणि संस्थेच्या पत्त्यावर येणाऱ्यांसाठी मुदतीपर्यंत नवा पत्ता कळवणारे स्वयंचलित उत्तर लावून ठेवावे. विद्यापीठाच्या विद्यार्थी-प्रणालीतला पत्ताही तेव्हाच बदलून घ्यावा, कारण पदवी प्रमाणपत्राच्या अर्जाची सूचना निकालानंतर काही महिन्यांनी येते आणि ती नोंदलेल्या पत्त्यावरच जाते.